ॲम्स्टरडॅमचे नगरचिन्ह
ॲम्स्टरडॅमचे नगरचिन्ह हे नेदरलँड्सची राजधानी असलेल्या ॲम्स्टरडॅम शहराचे अधिकृत मानचिन्ह आहे. ढाल, मुकुट, दोन सिंह आणि ब्रीदवाक्याची फीत ही त्याची चार अंगे होत. ती एकाच वेळी निर्माण झालेली नसून वेगवेगळ्या शतकांत जोडली गेली आहेत.

ढाल
लाल ढालीच्या मध्यभागी काळा उभा पट्टा असून त्यावर फुलीच्या आकाराचे तीन रुपेरी क्रूस एकाखाली एक आहेत. येशूचा शिष्य संत अँड्र्यू याला अशा तिरप्या क्रूसावर मृत्युदंड दिला गेला, या परंपरेवरून त्यांना त्याचे नाव मिळाले. पूर, आग आणि प्लेग या तीन संकटांचे हे क्रूस निदर्शक आहेत, असा लोकप्रिय समज आहे. शहराने ही तिन्ही संकटे सोसली. १४२१ आणि १४५२ च्या आगींत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. तथापि हा अर्थ मागाहून जोडलेला आहे. तेराव्या शतकात काही काळ येथील जहागीरदार असलेल्या पर्सेन घराण्याच्या चिन्हावरून हे क्रूस आले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. शेजारच्या गावांच्या चिन्हांतही असेच क्रूस आढळतात, यावरून या मताला पुष्टी मिळते.

मुकुट व सिंह
शहराने केलेल्या साहाय्याची परतफेड म्हणून हाब्सबुर्ग घराण्यातील माक्सिमिलियान पहिला याने १४८९ मध्ये आपला मुकुट चिन्हावर मिरवण्याचा अधिकार शहराला दिला. व्यापारी शहरासाठी ही प्रतिष्ठेची व पतीची खूण होती. म्हणूनच १५७८ मध्ये शहर प्रोटेस्टंट पक्षाला मिळून कॅथलिक हाब्सबुर्ग सत्तेच्या विरोधात गेल्यावरही मुकुट काढला गेला नाही. वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्यावरही तो दिसतो. ढाल पेलणारे सिंह सोळाव्या शतकात आले.

ब्रीदवाक्य
जर्मन ताब्यातील ॲम्स्टरडॅममध्ये फेब्रुवारी १९४१ मध्ये चारशेहून अधिक ज्यू पुरुषांना पकडून नेण्यात आले. त्याच्या निषेधार्थ २५ फेब्रुवारीस ट्रामचालक, गोदी कामगार आणि इतर नागरिकांनी संप पुकारला. दुसऱ्या दिवशी तो बळाने मोडण्यात आला. पकडलेल्यांपैकी बहुतेकजण छळछावण्यांत मरण पावले आणि पुढील वर्षांत शहरातील बहुसंख्य ज्यूंची हत्या झाली. युद्धकाळातील नागरिकांच्या वर्तनाची स्मृती म्हणून राणी विल्हेल्मिना हिने मार्च १९४७ मध्ये ‘हेल्डहाफ्टिख, फास्टबेराडेन, बार्महार्टिख’ म्हणजे ‘शूर, दृढनिश्चयी, दयाळू’ हे शब्द शहराला बहाल केले. संप निष्फळ ठरला, तरी दुसऱ्यांसाठी उभे राहण्याचे मूल्य या शब्दांतून नगरचिन्हावर कायमचे कोरले गेले.

वापर
१९७५ मध्ये स्वीकारलेल्या शहराच्या ध्वजावर हेच तीन क्रूस आहेत. पदपथांच्या कडेला रोवलेल्या लोखंडी खुंटांवरही ते आढळतात.