एकस्वविषयक दावे : दस्तऐवज व सुनावणी

एकस्वाच्या, म्हणजेच पेटंटच्या, दाव्यात शोधाचे नावीन्य खोडून काढण्यासाठी जुनी, बहुधा परदेशी एकस्वपत्रे पुढे येतात. ती खरी की नाही, या वादात सुनावणी लांबते. दोन ठिणगी-प्लगांच्या एंजिनावरील एकस्वाचा भंग झाल्याबद्दल पुण्याच्या बजाज ऑटोने टीव्हीएसविरुद्ध २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. टीव्हीएसने होंडाच्या अमेरिकी एकस्वावर भिस्त ठेवली. २००८ चा तात्पुरता मनाईहुकूम २००९ मध्ये रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी, दररोज सुनावणी घेऊन ३० नोव्हेंबरपर्यंत दावा निकाली काढावा, असे फर्माविले. ही मुदत कागदावरच राहिली. वाद मिटला तो २०१९ मध्ये, आणि तोही समेटाने. वाणिज्यिक न्यायालये अधिनियमानुसार (२०१५) दस्तऐवज मोघमपणे नाकारता येत नाही. कारणे देऊन शपथपत्र करावे लागते. त्यानंतरच्या पहिल्या व्यवस्थापन-सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवावयाचा असतो.