नियमांत नसलेला माणूस

शाल घट्ट लपेटून घ्या. 1899 सालच्या फेब्रुवारीची 3 तारीख आहे, गाव कॅन्सस सिटी, आणि ज्या संघाला ओरडून पाठिंबा द्यायला तुम्ही एवढी वर्षं मागे आलात, तो आज मार खाणार आहे. लॉरेन्सच्या टेकडीवरून आलेली ही कॅन्सस विद्यापीठाची पोरं. समोर इथल्या वायएमसीएचा संघ. चेंडू बास्केटमध्ये पडला की तिथेच अडकतो, कारण जाळ्यांची बुडं अजून उघडी झालेली नाहीत. तो काढेपर्यंत सगळे कमरेवर हात ठेवून उभे. निकाल 16–5. अख्ख्या सामन्यात पाच गुण! पुढे देशातल्या सर्वांत यशस्वी संघांत गणल्या जाणाऱ्या संघाचा हा पायगुण.

आता त्या मिशीवाल्या गृहस्थाकडे बघा. वय 37, नाव जेम्स नेस्मिथ. पोरं हरली म्हणून त्याच्या कपाळावर आठी नाही. सात वर्षांपूर्वी, 1891 च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्डच्या शाळेत थंडीमुळे कोंडून पडलेल्या 18 दांडगट विद्यार्थ्यांना गुंतवायला त्याने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि 13 नियम टाइप करून भिंतीवर लावले. म्हणजे हा खेळच त्याचा. लॉरेन्सला मात्र त्याला बोलावलंय ते प्रार्थना घ्यायला आणि व्यायाम शिकवायला. संघ हा जोडधंदा. पुष्कळदा तर तो संघ सोडून शिट्टी तोंडात घालतो आणि पंच होतो.

नऊ हंगाम असेच जातात. 55 विजय, 60 पराभव. विद्यापीठाला आजवर आठच प्रशिक्षक झाले; त्यांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकच, तो म्हणजे खेळाचा जन्मदाता. मला हा आकडा लाजिरवाणा वाटत नाही. उलट, त्यात एक मिश्कील सरळपणा दिसतो. ज्याने खेळ खेळण्यासाठी काढला, त्याने तो जिंकण्यासाठी काढलेला नव्हता.

त्याच्याच हाताखाली खेळलेला एक पोरगा दारात उभा आहे. फॉरेस्ट अ‍ॅलन. बेसबॉलचा पंच असताना भोंग्यासारखा ओरडायचा म्हणून ‘फॉगहॉर्न’, त्याचं झालं ‘फॉग’. बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचं म्हणतो. नेस्मिथ हसतो. बास्केटबॉल शिकवायचा नसतो रे, खेळायचा असतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. गुरूचं हे वाक्य शिष्याने आयुष्यभर खोडून काढलं. 39 हंगाम, 590 विजय, 1952 चं राष्ट्रीय अजिंक्यपद. पुढे केंटकीला मोठं करणारा अ‍ॅडॉल्फ रप त्याचाच विद्यार्थी. नॉर्थ कॅरोलायनाचा डीन स्मिथही त्याचाच. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये जावा म्हणून सर्वांत जास्त खटपट त्याने केली. 1936 मध्ये बर्लिनच्या उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात अमेरिकेने कॅनडाला 19–8 असं हरवलं, तेव्हा पदकं द्यायला म्हातारा नेस्मिथ हजर होता.

पण बर्लिनला जाऊ नका. त्याच्या तीन वर्षं आधीच्या लॉरेन्समध्ये उतरा.

1933. नेस्मिथच्या खोलीबाहेर एक कृष्णवर्णीय मुलगा घुटमळतोय. जॉन मॅकलेंडन, कॅन्ससमध्येच वाढलेला. त्याला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचंय, आणि वडिलांनी सांगितलंय की तुझे मार्गदर्शक नेस्मिथ. तो आत जाऊन तसंच सांगतो. म्हातारा विचारतो, कोणी सांगितलं? वडिलांनी. मग बरोबरच असणार, बस. एवढ्यावर प्रवेश पक्का.

वर्गात तो बसू शकतो. पदवीसाठी लागणारा प्रत्येक विषय घेऊ शकतो. संघात मात्र खेळू शकत नाही, कारण अ‍ॅलनच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नाहीत. तुम्ही जिमच्या कडेला त्याच्याशेजारी उभे राहा आणि सराव बघा. काय बोलाल त्याला? पोहण्याच्या परीक्षेसाठी तो तलावात उतरतो, आणि तो बाहेर आल्यावर तलावाचं पाणी काढून टाकतात. ज्या गावाने गुलामगिरीविरुद्ध लढताना 1863 मध्ये स्वतःची राख होऊ दिली, त्याच गावातला हा तलाव. इतिहासाचा गर्व असलेल्या गावांनाही स्वतःचं पाणी दिसत नाही.

नेस्मिथ त्याला शिकवत राहतो. चेंडू जिथे आहे तिथून खेळ सुरू होतो, सगळं मैदान वापरायचं, हे त्याने उचललं ते इथे. 1936 मध्ये पदवी घेऊन तो बाहेर पडतो.

आता माझ्यामागून दबक्या पावलांनी या. 12 मार्च 1944, रविवार, नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम. गावकरी चर्चमध्ये आहेत. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजची जिम, आणि दाराला आतून कडी. मॅकलेंडनच्या संघासमोर ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा गोऱ्यांचा संघ आहे. या राज्यात असा सामना कायद्याच्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे प्रेक्षक नाहीत. तुम्ही आहात तेवढेच. सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरतात, पास चुकतात. मग मॅकलेंडनची पोरं धावायला लागतात आणि थांबतच नाहीत. 88–44. बरोब्बर दुप्पट. पुढचं मला जास्त आवडतं: दोन्ही संघ मिसळून, अर्धे शर्टवर आणि अर्धे उघड्या अंगाने, पुन्हा एक डाव होतो. नेस्मिथ चार वर्षांपूर्वीच गेलाय. तो असता तर या दुसऱ्या डावाला शिट्टी घेऊन नक्की उभा राहिला असता, असं मला उगाच वाटतं.

कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लाव्हॅनेस स्क्वायर्स, दिसायला 1950 चं दशक उजाडावं लागलं. त्यानंतर मात्र त्यांनी फिलाडेल्फियाहून 7 फूट 1 इंचाचा विल्ट चेंबरलेन आणला. अ‍ॅलनने त्याच्यासाठी जंग जंग पछाडलं आणि तो वरच्या संघात येईपर्यंत स्वतः सत्तरीचा झाला. सत्तरीला निवृत्ती सक्तीची. म्हणजे आयुष्यातला सर्वांत मोठा मासा गळाला लागला आणि गळ दुसऱ्याच्या हातात गेला.

23 मार्च 1957 ला पुन्हा कॅन्सस सिटीत या, म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये. जागा धरा, रात्र लांबणार आहे. प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना, हंगामात एकही सामना न हरलेला. पहिल्या उडीसाठी चेंडू वर जाणार तेवढ्यात लोक हसतात, कारण विल्टसमोर त्यांनी उभा केलाय टॉमी कर्न्स, जेमतेम 5 फूट 11 इंच. उडी तर तो हरणारच होता. डिवचायचं होतं. मग चेंडू पाहिजे तितका वेळ हातात ठेवायचा, विल्टला तीन-तीन जणांनी घेरायचं. घड्याळाची सक्ती नाही, घाई कशाला? नियमित वेळ 46–46. पहिला जादा वेळ 48–48. दुसऱ्यात कोणीच काही करत नाही, तुमची मात्र नखं संपतात. तिसऱ्यात, सहा सेकंद उरलेली असताना, कॅरोलायनाचा जो क्विग दोन फ्री थ्रो टाकतो. 54–53. शेवटचा पास विल्टपर्यंत जायला निघतो, आणि त्यावर हात मारतो तोच क्विग.

विल्टचे 23 गुण होते, तरी हार त्याच्या नावावर लागली. 1958 मध्ये तो विद्यापीठ सोडून गेला. चाळीसएक वर्षं त्याला वाटत राहिलं की आपण इथल्या लोकांना निराश केलं. म्हणून 17 जानेवारी 1998 ला अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये थोडं थांबा. विद्यार्थिदशेतलं जॅकेट घालून तो मैदानाच्या मध्यावर येतो, आणि अख्खं सभागृह उभं राहतं. वर त्याची 13 नंबरची जर्सी. पुढच्याच वर्षी तो वारला.

बाकीची जेतेपदं तुम्ही चालता चालता बघा. 1988 ला विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या न्हाणीचे पडदे शिवून ‘फॉगपासून सावध’ असा फलक टांगला आणि त्याच दिवशी संघ ड्यूककडून हरला. पण त्याच हंगामात डॅनी मॅनिंगने 31 गुण काढून अजिंक्यपद आणलं. 2008 मध्ये मारियो चाल्मर्सने दोन सेकंद उरले असताना तीन गुणांची फेक टाकून मेम्फिसला जादा वेळेत खेचलं. 2022 मध्ये अंतिम सामन्यात 16 गुणांची पिछाडी भरून कॅरोलायनाला 72–69 ने हरवलं. 1957 चा हिशेब त्यात चुकता झाला असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. विल्ट तिथे नव्हता.

मॅकलेंडनला मात्र विसरू नका. त्याच्या टेनेसीतल्या संघाने 1957 ते 1959 अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. प्रशिक्षक म्हणून हॉल ऑफ फेममध्ये तो गेला 2016 साली, मरणानंतर.

शेवटी फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत या. 2010 साली एका माजी विद्यार्थ्याने 43 लाख डॉलरला लिलावात घेतलेले नेस्मिथचे दोन टाइप केलेले कागद तिथे काचेआड आहेत. तेरावा नियम सांगतो की बरोबरी झाली तर, कर्णधारांची संमती असल्यास, पुढचा गोल होईपर्यंत खेळावं. मग सगळे नियम पहिल्यापासून वाचा. अंपायर आहे, रेफ्री आहे, कर्णधार आहेत. प्रशिक्षक कुठेच नाही.