नाव आणि वस्तू : वेब-प्रोग्रॅमिंगमधील नामाधारित शोधाचा इतिहास व छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण

प्रस्तावना :
नाव आणि ते धारण करणारी वस्तू या दोन भिन्न गोष्टी होत, हे इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी, त्याचा पुत्र फत्तेखान याने १६२६ मध्ये दिलेले फत्तेनगर हे नाव, दख्खनच्या सुभेदारीच्या काळात १६५३ मध्ये औरंगजेबाने रूढ केलेले औरंगाबाद आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत झालेले छत्रपती संभाजीनगर ही एकाच नगराची चार नावे आहेत. नाव पालटले, खाम नदी व नहर-ए-अंबरी मात्र त्याच राहिल्या. नावावरून वस्तूपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न वेब-प्रोग्रॅमिंगमध्येही मूलभूत आहे. त्याच्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेऊन या नगराच्या नोंदींच्या संदर्भात त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
प्रोग्रॅममध्ये एखाद्या ऑब्जेक्टचा निर्देश दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात कोणता ऑब्जेक्ट वापरावयाचा, हे प्रोग्रॅम लिहितानाच निश्चित केलेले असते. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम चालू असताना नाव अक्षरमालेच्या रूपाने हाती येते व त्या नावाचा ऑब्जेक्ट तक्त्यातून शोधला जातो. ग्रंथालयातील तालिका-पत्रांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. वाचकाला ग्रंथाचे कपाट ठाऊक असण्याची गरज नसते. ग्रंथनामावरून पत्र सापडते आणि पत्रावरून ग्रंथ. ग्रंथ दुसऱ्या कपाटात गेला तर केवळ पत्रावरील नोंद दुरुस्त करावी लागते. ही लवचीकता हाच या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

ऐतिहासिक विकास :
या कल्पनेचे मूळ वेबच्या पूर्वीचे आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या लिस्प या भाषेत चिन्ह व त्याचे मूल्य यांची सांगड प्रोग्रॅम चालू असताना घातली जाई. संगणक-जाळ्याच्या प्रारंभीच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच मध्यवर्ती फाइलमध्ये नोंदविले जात. जाळे विस्तारल्यावर ही व्यवस्था अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विकेंद्रित व्यवस्था, म्हणजेच डीएनएस, मांडली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट तयार केली. तीत ऑब्जेक्ट हा मुख्यतः नावे व मूल्ये यांचा तक्ताच असून चौकटी कंसात कोणतेही नाव देऊन मूल्य मिळविता येते. ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्ल्यू३सीने प्रसिद्ध केलेल्या डॉमच्या पहिल्या मानकामुळे वेबपृष्ठावरील घटक त्याच्या ओळखनामावरून शोधण्याची सर्वमान्य रीत प्रस्थापित झाली.

नाव कोणी पुरवावे? :
या लवचीकतेची किंमतही मोजावी लागली. पीएचपी या भाषेतील ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या सोयीमुळे वापरकर्त्याने पाठविलेली नावे थेट प्रोग्रॅममधील चलांची नावे बनत. त्यामुळे त्रयस्थ व्यक्तीस प्रोग्रॅमच्या अंतर्गत स्थितीत ढवळाढवळ करणे शक्य होई. २००२ मध्ये ही सोय मूलतः बंद ठेवण्यात आली व २०१२ मध्ये ती काढूनच टाकण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा-संचातील दोष उघडकीस आला. नोंदवहीत लिहिण्यासाठी आलेल्या मजकुरातील नाव वाचून तो संच त्या नावाचा ऑब्जेक्ट दूरच्या संगणकावरूनही आणीत असे. परक्याने पुरविलेल्या नावावर विश्वास ठेवल्याचा हा परिणाम होता. म्हणूनच नाव स्वीकारण्यापूर्वी ते मान्य नावांच्या यादीत आहे किंवा नाही, हे तपासणे अनिवार्य ठरते.

छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण :
सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा व महसूल विभाग यांचीही नावे बदलली. ज्या संगणकीय नोंदींत जिल्ह्याचे नाव हीच ओळख मानलेली असेल, तेथे नव्या नावाने शोध घेतल्यास जुनी नोंद हाती लागत नाही. ती नष्ट झालेली नसते. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी तुटलेली असते. शिवाय ‘संभाजीनगर’, ‘छ. संभाजीनगर’ व ‘छत्रपती संभाजी नगर’ ही रूपे वाचकास एक वाटली तरी यंत्राच्या लेखी ती तीन भिन्न नावे असतात. याउलट, बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा असल्याने एकच नाव दोन वस्तूंकडे नेते.

यावरील उपाय म्हणजे नावापासून स्वतंत्र असलेला स्थिर संकेतांक. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. त्यात कोणतेही नाव दडलेले नसल्याने नामांतराने तो बाधित होत नाही. रेल्वे स्थानकाचा ‘एडब्ल्यूबी’ हा संकेत मात्र जुन्या नावावरून घडलेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानकाचे नाव बदलताच त्याच्या जागी ‘सीपीएसएन’ आला. नावातून जन्मलेला संकेत नावाबरोबरच जातो, हे यातून स्पष्ट होते.

तथापि, नाव म्हणजे केवळ चिकटवलेली चिठ्ठी, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळातील संघर्षात माणसांनी प्राण गमावले. समाजाच्या दृष्टीने नावात सन्मान, स्मृती व न्याय यांचा वास असतो. पण १९९४ पूर्वीच्या पदवीपत्रावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ हेच नाव आहे आणि त्या पदवीधराची पदवी आजच्या विद्यापीठाचीच आहे. दोन्ही नावे त्याच संस्थेपर्यंत पोहोचविणे हे नोंदव्यवस्थेचे कर्तव्य ठरते.

समारोप :
नामाधारित शोधाच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नाव कोणी पुरविले याची शहानिशा केल्याशिवाय त्यावर विसंबू नये; आणि नवे नाव स्वीकारताना जुन्या नावाची वाट बुजवू नये. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील तालिका, प्रबंधसूची व दप्तरे यांचे संगणकीकरण करताना प्रत्येक स्थळास स्थिर संकेतांक द्यावा आणि त्याची सर्व नावे कालखंडासह नोंदवावीत. तसे झाल्यास उद्याचा संशोधक खडकीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत कोणत्याही नावाने आला, तरी तो त्याच नगरात पोहोचेल.