चितेपूर्वी काढलेली यंत्रे

हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे निलय, ताल सोडून नुसता थरथरू लागला की रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस काही मिनिटांत दगावतो. ही थरथर ओळखून शरीराच्या आतूनच विजेचा झटका देणारे व ताल पूर्ववत करणारे यंत्र, ज्याला आयसीडी म्हणतात, डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या चिकाटीतून घडले. त्यांचे गुरुतुल्य सहकारी हॅरी हेलर अशाच तालबिघाडाने गेले होते. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे यंत्र प्रथमच माणसाच्या शरीरात बसवण्यात आले.

महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहास लिहायचा तर तो किमतीपासूनच सुरू करावा लागतो. नेवासा तालुक्यातील घोडेगावसारख्या, म्हशींच्या बाजारासाठी नावाजलेल्या गावातील कुटुंबाने दावणीची जनावरे विकायला काढली तरी आयसीडीसाठी लागणारे काही लाख रुपये उभे राहणे कठीण. यावर मुंबईत निघालेली वाट फार मोलाची आहे. देहाला अग्नी देण्यापूर्वी ही यंत्रे काढून घ्यावी लागतात, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो; आणि काढलेले यंत्र, आत कित्येक वर्षांची वीज शिल्लक असली तरी, बहुधा टाकूनच दिले जाते. अमेरिकेतील मृतांच्या देहांतून, कुटुंबीयांच्या संमतीने, काढलेले १२१ पेसमेकर, म्हणजे मंदावलेल्या हृदयाला ठोका देणारी यंत्रे, गोळा झाले. पैकी बॅटरी पुरेशी असलेले ५३ निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरजूंना बसवण्यात आले, आणि त्याचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी डॉ. बेहझाद पावरी, डॉ. यश लोखंडवाला व सहकाऱ्यांनी मुंबईत जुनी आयसीडी बसवलेल्या ८१ रुग्णांची हकीकत मांडली: एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही, आणि निम्म्याहून अधिक जणांच्या हृदयाचा बिघडलेला ताल त्या यंत्राने प्रत्यक्ष सावरला. उत्पादक ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात. पण या रुग्णांपुढे जुने यंत्र किंवा काहीच नाही एवढीच निवड होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या डॉक्टरांच्या निर्णयाचे मोल कळत नाही.

किमतीचा भार हलका करणारी सरकारी वाटही याच सुमारास निघाली. गरीब कुटुंबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत घोडेगावचा अहमदनगर जिल्हा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाल्यावर घोडेगावची कुटुंबेही तिच्या कक्षेत आली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती. त्यात पेसमेकर बसे, आयसीडीची किंमत मात्र बहुधा त्यापलीकडेच जाई.