गतांचा इरिल

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारा भाविक गिरिजात्मजाच्या दर्शनास जातो. हा गणपति ज्या लेण्यांत विराजमान आहे, तें लेणें मुळांत बौद्ध भिक्षूंच्या वस्तीसाठीं खोदलेलें. शेजारच्या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपींत दात्याचें नांव कोरलें आहे : कल्याणचा सुलसदत्त, हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा पुत्र. गांव, पिता, दान, सारेंच स्पष्ट.

जुन्नरच्याच लेण्यांतील दुसरे दोन दाते मात्र इतके सुगम नाहींत. ‘गतांपैकीं’ यवन इरिल यानें दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टांकीं दिलीं. ‘गतांपैकीं’ यवन चित यानें संघास भोजनमंडप दिला. हे गत कोण? नॉर्वेचे पंडित स्टेन कोनोव यांनीं १९१२ सालीं असा तर्क मांडला कीं, ते जर्मन कुळांतले गॉथ असावेत. त्या काळीं रोमचा व्यापार कोंकण किनाऱ्याशीं चालूच होता. शिवाय इरिलसारखा शेवट वुल्फिला, टोटिला या गॉथ नांवांतहि आढळतो.

तर्क मोहक खरा. परंतु संस्कृत ‘गर्त’ शब्दाचें प्राकृतांत ‘गत्त’ होतें, आणि त्या काळचे कोरके जोडाक्षर एकेरी लिहीत. पंजाबाकडील त्रिगर्त देश तर प्रसिद्धच आहे. ‘इल’ या शेवटाविषयीं म्हणावें, तर सांचीच्या दात्यांत यखिल आहे, आणि यक्ष हा इथलाच.

असाच पेंच युरोपांतहि पडला आहे. ब्रिटनमध्यें हॅड्रियनच्या भिंतीपाशीं १८८३ सालीं रोमन सैन्यांतील जर्मन शिपायांनीं उभारलेली एक शिळा सांपडली. तिच्यावर बेदा आणि फिम्मिलेना या दोन देवींचीं नांवें आहेत. त्यांची कथा कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. विद्वानांनीं त्यांचा संबंध फ्रिजियन लोकांच्या ‘बोदथिंग’ व ‘फिमेलथिंग’ या न्यायसभांशीं जोडला. आधार मुख्यतः ध्वनिसाम्याचा.

ध्वनिसाम्य वाट दाखवितें. मुक्कामाची ग्वाही देत नाहीं. जुन्नरास गॉथ आले होते, असें सांगण्यांत गांवाला भूषण वाटेल. पण दगडानें न दिलेलें भूषण पुढच्या संशोधकाच्या एका आक्षेपानें गळून पडतें. दगड सांगतो तें असें : यवन म्हणविणाऱ्या एका माणसानें परधर्मी म्हणून न थबकतां भिक्षूंच्या पाण्याची सोय केली, आणि स्वतःच्या नांवापुढें आपल्या लोकांचेंहि नांव कोरविलें. एवढें निश्चित आहे, आणि तें थोडें नाहीं.