कात्रपचा पिवळा बेडूक आणि फ्रान्समधलं ताट

हेडफोन लावून ऐकत असाल तर मागे एक आवाज येतोय तो ऐका. डराँव... डराँव. माइक खराब झालेला नाही. कात्रपमध्ये आमच्या बिल्डिंगमागे अजून एक प्लॉट रिकामा राहिलाय, आणि परवाच्या पावसाने तिथे गुडघाभर पाणी साचलंय. हा आवाज तिथूनच येतोय.

काल रात्री टॉर्च घेऊन गेलो होतो. लिंबासारखे पिवळेधम्मक बेडूक, आणि गळ्याशी दोन निळे फुगे! इंग्रजीत याला बुलफ्रॉग म्हणतात. एरवी हा शेवाळी-मातकट रंगाचा असतो आणि उन्हाळाभर जमिनीत दडी मारून बसतो. पहिला मोठा पाऊस झाला की नर असा नटतो आणि मादीला हाका मारतो. पिवळेपण काही दिवसांचंच.

आता गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीतच नसेल, मलाही नव्हतं. एकेकाळी आपला देश या बेडकाचे पाय परदेशी विकायचा. पाय! बाकीचं धड टाकून द्यायचे. 1950 नंतरच्या दशकांत हा धंदा वाढत गेला. गोठवलेले पाय बोटीने अमेरिकेत आणि युरोपात जायचे. 1981 साली हा आकडा चार हजार टनांच्याही वर गेला होता. टन बेडकांचे नाहीत हं, नुसत्या पायांचे. म्हणजे बेडूक किती, हिशोब तुम्हीच करा. मी केला आणि मग जेवण गेलं नाही.

पकडायचे कधी? याच दिवसांत, रात्री. अंधारात डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागीच थिजतो, हाताने उचलता येतो. म्हणजे अंडी घालायच्या आधीच तो पोत्यात. पुष्कळ ठिकाणी तो जिवंत असतानाच पाय कापले जायचे. पकडणारा म्हणाल तर बहुतेक गरीब माणूस, चार पैशांसाठी रात्रभर चिखलात उभा. त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

आणि गंमत बघा, बेडकाच्या पायांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सने 1980 मध्ये स्वतःच्या देशात विक्रीसाठी बेडूक पकडायला बंदी घातली. खाणं मात्र चालूच. ताट तिकडचं, बेडूक आपला!

याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत मुंबईचे हुमायून अब्दुलअली होते. सलीम अलींचे नातलग, स्वतः मोठे पक्षीतज्ज्ञ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी 1985 साली या निर्यातीवर सविस्तर लिहिलं. बंदी मागणाऱ्यांचा मुद्दा भावनेचा कमी आणि भाताचा जास्त होता. खाचरातला बेडूक किडे खातो, खेकडे खातो. तो गेला की औषध फवारायचं, आणि त्यालाही पैसे लागतात. त्याच वर्षी या बेडकाचं नाव वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे ‘साइट्स’मध्ये गेलं. 1987 मध्ये भारताने निर्यात बंद केली. धंदा थांबला नाही, इंडोनेशियाकडे सरकला.

शेजारच्या आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, इथे समोर सगळी भाताची खाचरंच होती. आवणाच्या दिवसांत रात्री बेडकांच्या आवाजाने झोप यायची नाही." आता त्या खाचरांवर आमची बिल्डिंग आहे, म्हणजे माझी बेडरूमसुद्धा. सुरीपासून बेडकाला वाचवायला कायदा आला, पण माझ्या पार्किंगखाली दबलेल्या डबक्यासाठी कोण आलं? फ्लॅटचा हप्ता मीच भरतोय, त्यामुळे बोट कोणाकडे दाखवू?

प्लॉटवर गेल्या आठवड्यात पत्रे ठोकलेत. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायला काही आठवडे लागतात. खोदकाम पावसानंतर सुरू होणार, असं वॉचमन म्हणाला. मी रोज रात्री जाऊन बघतोय. आज आवाज जरा कमी आहे, पण पाणी आहे अजून.