वर्गणीची कविता

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्यासाठी केलेल्या ब्राँझच्या फलकावर एम्मा लॅझरसचं ‘द न्यू कोलोसस’ हे चौदा ओळींचं सुनीत आहे. त्यातल्या नवव्या ओळीत, पहिल्याच शब्दानंतरचा स्वल्पविराम गळला आहे. हस्तलिखितात तो आहे. कवयित्रीला एकदा दाखवून घ्यावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. फलक बसला १९०३ मध्ये, आणि एम्मा १८८७ मध्येच गेली होती, अवघ्या ३८व्या वर्षी.

आज हा पुतळा म्हटला की बोटीच्या कठड्याशी गर्दी करून किनारा शोधणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. पुतळा घडवणाऱ्यांच्या मनात मात्र ती नव्हतीच. कल्पना फ्रेंच कायदेपंडित एदुआर द लाबुले यांची, शिल्प ऑग्युस्त बार्तोल्दीचं, आणि विषय दोन देशांची मैत्री, लोकशाही व गुलामगिरीचा शेवट. म्हणून पायाशी तुटकी साखळी आणि हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६ ही तारीख. अधिकृत नावाचा अर्थही ‘जगाला उजळणारं स्वातंत्र्य’ असा. मराठीने तिला परस्पर देवी करून टाकलं. तेही चूक नाही, कारण मूळ रूप लिबेर्तास या रोमन देवीचंच.

घोडं अडलं ते चौथऱ्यापाशी. पुतळा फ्रान्सने द्यायचा, चौथरा अमेरिकेने बांधायचा असं ठरलेलं, आणि पैसे काही जमेनात. मग आपल्याकडे सार्वजनिक कामासाठी जे करतात तेच तिथेही झालं. प्रदर्शन भरवायचं, मान्यवरांकडून काहीबाही मागवायचं, ते विकायचं. १८८३च्या डिसेंबरातल्या अशा प्रदर्शनासाठी लेखकांकडून हस्तलिखितं गोळा होत होती. मार्क ट्वेनकडेही मागणी गेली. कॉन्स्टन्स कॅरी हॅरिसन ही लेखिका एम्माकडे आली, तेव्हा एम्माने साफ नकार दिला. फर्माईशीवर कविता लिहिणं आपल्याला जमत नाही, म्हणाली. हॅरिसनबाईंनी एवढंच सुचवलं की वॉर्ड्स बेटावरच्या निर्वासितांना आठवून बघ.

बाण वर्मी लागला. एम्मा साखर कारखानदाराची मुलगी. घराणं न्यूयॉर्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या सेफार्दी ज्यूंचं. शिक्षण घरीच, एमर्सनशी पत्रव्यवहार, हाइनेच्या कवितांची भाषांतरं. पण १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली, रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, आणि नेसत्या वस्त्रांनिशी लोक न्यूयॉर्कला येऊन थडकू लागले. ईस्ट नदीतल्या वॉर्ड्स बेटावर त्यांची सोय केलेली होती. ‘सोय’ हा शब्द जरा उदारपणेच वापरायचा. एम्मा तिथे गेली आणि त्या लोकांची बाजू घेऊन लिहू लागली.

२ नोव्हेंबर १८८३ ही हस्तलिखितावरची तारीख. शीर्षकातला ‘कोलोसस’ म्हणजे प्राचीन ऱ्होड्सचा ब्राँझचा सूर्यदेव, युद्धातल्या यशाची खूण. एम्माची बाई त्या जातीची नव्हे. ती जुन्या देशांचं वैभव त्यांनाच लखलाभ म्हणते आणि त्यांना नकोशी झालेली माणसं आपल्याकडे मागून घेते. मशालीचा उजेड तोवर जगाकडे निघाला होता. एम्माने तो उंबऱ्यावर आणून ठेवला. कवी जेम्स रसेल लोवेल यांनी तिला कळवलं की पुतळ्यापेक्षा तुमचं सुनीतच मला जास्त आवडलं.

आणि मग सगळे कविता विसरले. पैसे खऱ्या अर्थाने जमवले जोसेफ पुलित्झरने, स्वतः हंगेरीतून आलेल्या पत्रकर्त्याने. त्याने १८८५ मध्ये आपल्या ‘वर्ल्ड’ पत्रात देणगीदारांची नावं छापली आणि लाखावर डॉलर उभे केले. बहुतेक देणग्या एका डॉलरच्याही आतल्या. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झालं, त्यात कवितेचा उल्लेख नव्हता. त्याच महिन्यात आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन न्यूयॉर्कहून परतीच्या बोटीत बसल्या होत्या. सोहळा थोडक्यात हुकला.

पुढे १९०१ मध्ये जॉर्जिना स्कायलर या मैत्रिणीने कविता पुन्हा उजेडात आणायचं मनावर घेतलं आणि दोन वर्षांनी फलक लागला. तोवर शेजारच्या एलिस बेटावरून लोंढे येऊ लागले होते. १८९२ ते १९५४ या काळात तिथून सुमारे १ कोटी २० लाख माणसं आत शिरली. कायद्याला मात्र कविता पाठ नव्हती. चिनी मजुरांना बंदी तर सुनिताच्या आधीच्याच वर्षी, १८८२ मध्ये आलेली. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसालाही दार बंद केलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, वर्षाला १०० जणांपुरतं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी याच पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, डॉक्टर तिकडे जाऊ लागले. एम्माने बोलावलं होतं कंगालांना. व्हिसा मिळाला तो पदवी बघून.

२०१७ मध्ये व्हाइट हाउसच्या एका सल्लागाराने पत्रकारांना सुनावलं की ही कविता मुळात पुतळ्याचा भाग नाही, ती मागाहून जोडली गेली. फलकापुरतं ते खरं आहे. पण एम्माने कागदावर तारीख टाकली, तेव्हा पुतळा अजून पॅरिसमध्ये अर्धवट उभा होता आणि चौथऱ्याची कोनशिला बसायला नऊ महिने अवकाश होता.